चांद मास्तरांची चाल

यंदा तुळशीचं लग्न लागलं, लग्नसराई सुरू झाली, आणि चांद मास्तर आपली ती चाल वाजवायला काही तयार नाहीत. लोक वैतागलेत. परवा असोद्याच्या एका लग्नात नवरदेवाच्या मामाने घोड्याचा लगाम धरून वरात चौकातच उभी केली. "मास्तर, तुमची ती होऊन जाऊ द्या! त्याशिवाय घोडा पुढे सरकायचा नाही." मास्तरांनी क्लॅरोनेट ओठांवरून काढलं, कोटाच्या बाहीने पुसलं आणि भलतंच काहीतरी सुरू केलं. मामा असा तापला की विचारू नका. बँडचा मालक त्याच्यापेक्षा जास्त तापला. म्हातारा सटकला, असं आता गल्लीत सगळे म्हणतात. म्हणोत बापडे. काय झालं ते आधी ऐका, मग ठरवा सटकला की नाही.

चांद मास्तर म्हणजे जळगावात मेहरूणच्या एका गल्लीत राहणारा पंचावन्न वर्षांचा क्लॅरोनेटवाला माणूस. वडील बँडमध्ये, आजोबाही बँडमध्ये. लग्नं नसली की पत्र्याच्या पेट्या आणि धान्याच्या कोठ्या ठोकायच्या, लग्नं आली की लाल कोट आणि पितळी बटणं. घरात बायको अनवरी आणि मुलगी मिसबाह. माणूस भांडणारा नाही, पिणारा नाही, बोलणारा तर त्याहून नाही. सगळी जन्माची बडबड त्या काळ्या नळीतूनच करायची, अशी शपथ घेतल्यासारखा.

आणि त्यांची ती चाल तुम्ही ऐकलेली आहे. खान्देशात एकदा जरी वरातीत नाचला असाल तरी ऐकलेली आहे. आधी एकदम वर चढते, वर जाऊन जरा थांबते, आणि मग तीन पायऱ्या उतराव्यात तशी खाली येते. त्या तिसऱ्या पायरीला भल्याभल्यांचे पाय उचलतात. कधी न नाचलेले हेडमास्तर त्या चालीवर रुमाल उडवताना लोकांनी पाहिलेत. जळगावपासून नंदुरबारपर्यंत सगळ्या बँडवाल्यांनी ती उचलली, मग डीजेवाल्यांनी तिच्या खाली धडाम धडाम घातलं, आता ती मोबाईलमध्येसुद्धा आहे. पण नाव अजून तेच, चांद मास्तरची चाल.

ती त्यांची नव्हती. एकतीस वर्षं ही गोष्ट त्यांना एकट्याला ठाऊक होती. अनवरीलाही नाही.

झालं होतं असं. तेव्हा ते मास्तर नव्हते, नुसता चांद होता, चोवीस वर्षांचा. पारोळ्याच्या पुढे, धुळ्याच्या अलीकडे चिंचखेडे म्हणून गाव आहे, तिथे लग्नाची सुपारी होती. सकाळी बँड पोचला आणि गावात शिरल्या शिरल्या कळलं की मयत झालंय. सोळा वर्षांची पोर, पाणी शेंदताना विहिरीवर पाय घसरला. आता आपल्याकडे रीत अशी, की गावात प्रेत आहे तोवर वाद्य तोंडाला लावायचं नाही. लग्न मोडत नाही, पण मुहूर्त टळला तर टळू द्यायचा. प्रेत उठलं, माणसं नदीवरून परतली, की मग वाजवा. त्यामुळे बँडवाले शाळेच्या व्हरांड्यात बसले. बाकीच्यांनी पत्ते काढले. चांद खांबाला टेकून क्लॅरोनेट मांडीवर घेऊन बसला.

शाळेमागच्या घरात त्या पोरीची आई रडत होती. आपल्या बायका रडतात तसं, हेल काढून, पोरीचं एकेक सांगत सांगत. "मन्ही दिपमाला वं माय, तुन्ही वेनी कोन घाली वं." 'दिपमाला वं'ला आवाज वर जायचा, वर गेल्यावर बाईचा दम संपायचा, अख्खं गाव गप्प व्हायचं, आणि मग वेणी, कोण, घालील, अशा तीन ठिकाणी तो तुटत तुटत खाली यायचा. दोन तास. चांदला रडू येत होतं, हे खोटं नाही. पण बँडवाल्याच्या हातात वाद्य असलं की बोटं गप्प बसत नाहीत, हेही खोटं नाही. फुंक न मारता त्याची बोटं भोकांवर चालत होती. ती बाई रडत होती आणि हा शिकत होता.

दुपारी प्रेत उठलं. माणसं परतली, आंघोळी झाल्या, आणि नवरदेव मारुतीच्या पाराहून मांडवाकडे निघाला. आधीच उशीर झालेला, पोरं खोळंबून खोळंबून पेटलेली. चांदने क्लॅरोनेट तोंडाला लावलं आणि पहिली फुंक मारली, तर तीच बाहेर आली. मुद्दाम नाही वाजवली. अल्लाची शपथ, मुद्दाम नाही. पण पहिली ओळ संपता संपता त्याला कळलं होतं हे काय आहे, आणि तेवढ्यात पोरांनी उड्या मारल्या, ढोलवाल्याने ठेका धरला, कुणीतरी ओरडलं, "मास्तर, हीच, हीच!" जन्मात पहिल्यांदा कुणी त्याला मास्तर म्हटलं. त्याने चाल थांबवली नाही. उलट लय वाढवली.

वरात त्या घरावरून नेली नाही, तेवढी लाज गावाने ठेवली. पण आवाजाला कोण अडवणार? घर तर शाळेच्या मागेच होतं.

त्यानंतर चांद मास्तर चिंचखेड्याला कधी गेले नाहीत. दोनदा सुपारी आली, दोन्ही वेळा त्यांच्या पोटात दुखलं.

आता ही राख उकरली कुणी, तर शालिग्रामने. हा त्यांचा शाळेपासूनचा मित्र. पाइपच्या कंपनीत तीस वर्षं मशीनपुढे उभा राहिला, गेल्या वर्षी रिटायर झाला, आणि मुलाने जुना मोबाईल दिला तो सोन्याचा हंडा सापडल्यासारखा उरापोटाशी धरून बसला. एके दिवशी संध्याकाळी तो पेट्यांच्या दुकानात आला आणि म्हणाला, "चांदभाऊ, ऐक. अमेरिकेतलं आहे. याला ब्लूज म्हणतात."

"शब्द कळत नाहीत मला."

"मला कुठे कळतात? तू ऐक तर!"

कुणी एक म्हातारी बाई गात होती. मागे एक गिटार, तीही धड नाही. बाईचा आवाज वर चढला, थांबला, आणि तुटत तुटत खाली आला. चांद मास्तरांच्या हातातली हातोडी तशीच राहिली. एकतीस वर्षांपूर्वीच्या व्हरांड्याचा खांब त्यांच्या पाठीला टोचला.

"हे गाणं नाही," ते म्हणाले. "ही रडतेय."

शालिग्रामला काय आनंद झाला! "बघ! एका फटक्यात ओळखलंस! अरे, काळी माणसं ही. गुलाम करून नेलेली. दिवसभर दुसऱ्याच्या शेतात कापूस वेचायचा आणि असं गायचं. आता लोक गाड्या काढून ती गावं बघत फिरतात, नदीच्या काठाकाठाने, इथे हा जन्मला, तिथे तो पुरला. मित्र मित्र मिळून जातात. मी काय म्हणतो, कापूस आपल्याकडे नाही का? नदी नाही का? आपली माणसं रडली नाहीत का? मग आपलं ब्लूज कुठाय?"

"असेल कुठेतरी," मास्तर म्हणाले आणि हातोडी उगाच जोरात मारली.

पण शालिग्रामच्या डोक्यात एकदा शिरलं की शिरलं. हसीबला त्याने आधीच पटवून ठेवलं होतं. हसीब म्हणजे बँडचा साइड ड्रमवाला, त्या चिंचखेड्याच्या लग्नानंतर दोन वर्षांनी बँडमध्ये आलेला, मास्तरांपेक्षा चार पाच वर्षांनी लहान. त्याच्याकडे एक जुनी ओम्नी होती. दिवाळी झालेली, तुळशीचं लग्न लागायचं होतं, म्हणजे बँडवाल्यांचे रिकामे दिवस. शालिग्रामच्या बायकोने, सुनंदावहिनींनी तर हात जोडले, "घेऊन जा हो यांना. दिवसभर घरात ती अमेरिका रडते." चांद मास्तरांनी नाही म्हणायला कारण शोधलं, सापडलं नाही. क्लॅरोनेट बरोबर घ्यायचं ठरलं. शालिग्राम मोबाईलवर गाणं पकडणार, मास्तर ते वाद्यावर पकडणार, असा बेत.

पहिल्या रविवारी जामनेरला गेले. तिथे एका नानांनी दोन तास कापसाच्या भावावर भाषण ठोकलं आणि गाणं म्हणून शाळेतली प्रार्थना म्हटली. हसीब हसून हसून लोळला. चांद मास्तरही हसले. त्यांना वाटलं, असंच चाललं तर बरं आहे, दोन रविवारांत याचं वेड उतरेल.

दुसऱ्या रविवारी धुळ्याचा रस्ता धरला. मास्तर मागच्या सीटवर बसले, पाट्या वाचत. पाळधी गेलं, एरंडोल गेलं. एरंडोलच्या पुढे रस्त्याला लागूनच एका शेतात बायका कापूस वेचत होत्या. शालिग्रामने ओम्नी थांबवायला लावली आणि बांधावर उभा राहून विचारलं, "अक्का, वेचताना गाणी म्हणता का तुम्ही?"

बायका एकमेकींकडे बघून हसल्या. "गानं? मोबाईल शे ना भाऊ!" एकीने कमरेच्या ओटीत हात घातला, कापसातून फोन वर काढला आणि आवाज वाढवला. आणि त्यातून काय निघावं? धडाम धडाम, आणि त्याच्यावर ती चाल.

शालिग्राम तर नाचायचाच बाकी राहिला. "अहो, ही कुणाची आहे माहितीय का? हे बसलेत बघा गाडीत! हेच चांद मास्तर!"

बायका बांधावर गोळा झाल्या. नवऱ्याच्या वरातीत हीच होती म्हणाली एक. दुसरी म्हणाली, माझ्या नंदेच्या. मास्तर गाडीतून उतरले, हात जोडले, आणि खाली मातीकडे बघत राहिले. त्यांच्यात शेवंताबाई म्हणून एक म्हातारी होती, ती तेवढी हसत नव्हती. तिने शालिग्रामला जवळ बोलावलं.

"तुले रडानं गानं ऐकनं शे का? मंग चिंचखेडाले जाय. तठे झुंबरबाई शे. कोठे बी मयत व्हवो, तिले बलावतस. ती रडस तं मरेल मानूसले बी वाटस, आखो जराखं जगतू तं बरं व्हतं."

चांद मास्तरांच्या तोंडचं पाणी पळालं. तिचं नाव त्यांना त्या दिवशी माहीत नव्हतं. पण गावाचं नाव पुरेसं होतं, आणि रडणारी म्हटल्यावर दुसरी कोण असणार?

धाब्यावर शेवभाजी आली. मास्तरांनी भाकरीचा एक तुकडा मोडला आणि तोच बोटांत फिरवत बसले. शालिग्राम मात्र रंगात आला होता. "त्या अमेरिकेतल्या लोकांचं पुढे काय झालं माहितीय? त्यांची गाणी दुसऱ्यांनीच उचलली. लय वाढवली, वर नाच बसवले, नाव कमावलं. आणि जिचं गाणं होतं ती बिचारी तिथेच कापसात. हरामखोर साले!"

"चांदभाई, खाते क्यों नहीं?" हसीबने विचारलं.

"माझ्या पोटात दुखतंय," मास्तर म्हणाले. "परत फिरू या."

"आता? अरे, पंधरा किलोमीटर राहिलं!"

"गाडी तापली असेल."

"गाडी एकदम फर्स्ट क्लास आहे," हसीब म्हणाला, आणि मास्तरांना त्या क्षणी जगात हसीबइतका कुणाचा राग आला नसेल.

त्यांनी विचार केला, आपण गाडीतच बसू. दुखतंय म्हणून पडून राहू. तिने आपल्याला कधी पाहिलेलंच नाही, आपण तिला पाहिलेलं नाही. एकतीस वर्षं गेली. बाईच्या ध्यानातही नसेल. आणि असलं तरी बोलायचं कशाला? पंचावन्न वर्षांच्या आयुष्यात आपल्या नावावर एक चाल आहे, बाकी सगळ्या पत्र्याच्या पेट्या. ती दिली तर मागे काय राहील? असं त्यांचं चाललं होतं, आणि तेवढ्यात चिंचखेड्याची शाळा आलीसुद्धा. व्हरांड्याला आता लोखंडी जाळी होती. खांब तेच.

झुंबरबाईचं घर शाळेच्या मागे. ओट्यावर गोणपाट पसरून ती कापसातला पालापाचोळा निवडत बसली होती. सत्तरीची, हाडकुळी, हिरवं लुगडं. ओम्नी थांबलेली बघून सून बाहेर आली, सुनिता नाव तिचं. ओम्नीच्या काचेतून मास्तरांनी त्या म्हातारीचे हात पाहिले आणि त्यांना पडून राहवेना. ते क्लॅरोनेटची पेटी घेऊन उतरले आणि ओट्याच्या कडेला, सगळ्यांच्या मागे बसले.

"कोन शेतस भाऊ तुम्ही? कोठेन उनात?" म्हातारीने विचारलं.

शालिग्रामने सगळं सांगितलं. जळगाव, मोबाईल, अमेरिका, कापूस, सगळं. आणि शेवटी म्हणाला, "अक्का, तुम्ही फार चांगलं रडता म्हणे. जरा म्हणून दाखवता का?"

सुनिता ताडकन म्हणाली, "ओ भाऊ! आमच्या घरात सगळे धडधाकट आहेत. भरल्या घरात रडायला सांगता? काही लाज?"

म्हातारीने सुनेला हाताने गप्प केलं. पण तिचाही चेहरा उतरला होता. "घरमा कोनी मरेल नही, आनि रडू? काय बोली ऱ्हायना भाऊ तू! असं कोनी रडस का?"

शालिग्रामने जीभ चावली. चुकलंच त्याचं. एवढ्या कापसाच्या गावातला माणूस, लहानपणापासून हे माहीत असलेला, अमेरिकेच्या नादात विसरून गेला. तो ओशाळून कान पकडून माफी मागायला लागला. मग वातावरण निवळावं म्हणून, की सवयीने, म्हणाला, "बरं, पूर्वीचं एखादं? तुमच्या स्वतःच्या घरातलं, होऊन गेलेलं?"

म्हातारीने निवडलेला कापूस बाजूला सारला. मग म्हणाली, "दुसरानं मयत ऱ्हायनं तं मी रडस. बठ्ठा गावना करता रडस. मन्ही पोरना करता माले रडता येस नही."

"का हो अक्का?"

मग तिने सांगितलं. दिपमाला गेली त्या दिवशी ती रडली, प्रेत उठेपर्यंत रडली. आंघोळ करून ओल्या लुगड्याने याच ओट्यावर बसली होती, तर वाजंत्री सुरू झालं. आधी तिला वाटलं आपल्याच डोक्यात वाजतंय. मग नाचणाऱ्या पोरांचा हैदोस ऐकू आला. तिचंच रडणं, तिच्याच पोरीसाठीचं, आणि त्यावर शिट्ट्या. तिने दार लावून घेतलं. पण पुढच्या लग्नात तेच. शेजारच्या गावात तेच. वर्षश्राद्धाला माणसं आली, बायकांनी गळ्यात गळा घातला, हिने रडायला तोंड उघडलं, तर ओठावर आली ती नाचाची.

"तवयपासून असं शे भाऊ," ती म्हणाली. "तिन्ही याद येस, तोंड उघाडस, आनि ती वाजंत्रीनी चाल येस. मन्ही होती ती येसच नही. कशी होती, तेच याद नही." आणि तिने ती नाचाची चाल गुणगुणून दाखवली, वर चढली, थांबली, आणि झपझप तीन पायऱ्या उतरली.

हसीबचा हात गुडघ्यावर होता. जवळजवळ तीस वर्षांची सवय, तिसऱ्या पायरीला त्या हाताने ठेका दिलाच. दिला आणि चटका बसल्यासारखा मागे घेतला. "अरे, चांदभाई," तो पुटपुटला, "ये तो अपनी…"

आणि शालिग्राम, तो भाबडा, त्याला अजूनही काही उमगलं नव्हतं. तो म्हणाला, "पण अक्का, ही चाल तर यांची आहे. चांद मास्तरांची. काहीतरी चुकत असेल तुमचं."

म्हातारीने पहिल्यांदा ओट्याच्या कडेला बसलेल्या माणसाकडे पाहिलं.

आता मास्तर काहीही म्हणू शकले असते. योगायोग म्हणता आलं असतं. सूर सात, बाया हजार, जुळतं कधीतरी, असं कुठल्याही वाद्यवाल्याने म्हटलं तर चालून जातं. हसीब बोलला नसता. त्यांनी पेटीवरचा हात उचलला, पुन्हा ठेवला.

"माझी नाही," ते म्हणाले. "तुमची आहे अक्का. मी त्या दिवशी शाळेच्या व्हरांड्यात बसलो होतो. तुम्ही रडत होता आणि मी बोटं चालवत होतो. मग वरातीत तीच वाजली. मला कळलं होतं. मी थांबवली नाही."

सुनिता दारात होती, ती दोन पावलं पुढे आली, तिच्या तोंडात शिव्या तयार होत्या आणि तो तिचा हक्कच होता. शालिग्रामचा चेहरा पांढरा पडला होता. मास्तर मान खाली घालून बसले. मार, शाप, थुंकी, काय यायचं ते येऊ दे, एवढंच त्यांच्या मनात होतं. खरं सांगायचं तर त्यांना थोडं हलकंसुद्धा वाटलं. आता जे व्हायचं ते तिच्या हातात होतं.

म्हातारी उठली. लुगड्याला चिकटलेला कापूस तसाच ठेवून ओट्याच्या कडेपर्यंत आली आणि मास्तरांच्या समोर बसली. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. काहीतरी दुसरंच होतं, आणि ते ओळखल्यावर मास्तरांना धडकी भरली. ती खूश झाली होती.

"तू तठे व्हता?" ती म्हणाली. "तू ऐकेल शे? पहिली, मन्ही?"

"हो."

"मंग तुले याद व्हई! तुन्हा हातमा बाजा शे ना? वाजाड. मन्ही जशी होती तशी वाजाड." आणि घाईघाईने, सुनेकडे बघत, "मी रडी नही ऱ्हायनू. तोच वाजाडी ऱ्हायना. बाजाले काय अभद्र?"

मास्तरांनी पेटी उघडली. तुकडे जोडले. तोंडात धरायची पत्ती जिभेने ओली केली. त्यांना वाटत होतं, येईल. आपणच ऐकलेली, आपल्याच बोटांनी धरलेली. डोळे मिटले, व्हरांड्याचा खांब पाठीशी आणला, आणि फुंक मारली.

नाचाचीच आली.

"हळू," म्हातारी म्हणाली.

त्यांनी लय कमी केली. अर्धी केली. पण हळू चालली तरी ती वरातच होती, दमलेली वरात. वर जाऊन थांबायची जागा आली, तिथे त्या बाईचा दम संपायचा, आणि यांच्या बोटांना माहीत होतं की इथे घोडा थांबतो, नवरदेवावरून पैसे ओवाळतात आणि मग ढोल पडतो. एकतीस वर्षांत हजारो वेळा वाजवलेली. तिच्याखाली काही उरलंच नव्हतं. त्यांनी पुन्हा सुरू केली. पुन्हा. घामाने बोटं निसटायला लागली. तीन पायऱ्या सोडून दोनच उतरून बघितल्या, चार उतरून बघितल्या. "दिपमाला वं," असं मनात म्हणून बघितलं. शब्द सगळे आठवत होते. आवाज आठवत नव्हता.

प्रत्येक वेळी म्हातारी डोळे मिटून, मान पुढे काढून ऐकायची. आणि प्रत्येक वेळी म्हणायची, "नही. ती नही."

पाचव्यांदा की सहाव्यांदा मास्तरांनी क्लॅरोनेट खाली ठेवलं. पंचावन्न वर्षांचा माणूस परक्या ओट्यावर ढसाढसा रडला, आणि त्यालाही त्या रडण्याला कुठली चाल सापडली नाही. हसीब उठून गाडीकडे गेला. शालिग्रामने मोबाईल कधीच खिशात घातला होता.

म्हातारीने मास्तरांच्या पाठीवर हात ठेवला नाही की शिवीही दिली नाही. ती सरकत सरकत आपल्या गोणपाटावर परत गेली, कापसाचं एक बोंड उचललं, त्यातला पाचोळा काढला. मग त्यांच्याकडे न बघता, स्वतःशीच बोलावं तसं म्हणाली, "इतला वरीस माले वाटे, चोरी गयी तं गयी, चोरकडे तरी व्हई."